दगडाच्या पोटातल्या वाटा

मुंबईच्या फोर्ट भागात हिंडताना जुन्या इमारतींच्या कमानींकडे आणि नक्षीकडे नजर जाते, दगडाकडे सहसा जात नाही. यांतल्या कित्येक इमारतींवरचं फिकट पिवळसर कोरीव काम पोरबंदरच्या दगडात केलेलं आहे. आपल्या काळ्या बेसाल्टपेक्षा हा दगड मऊ, छिन्नीला लवकर वश होणारा. त्याच्यावर साधं भिंग धरलं, की कणाकणांची रास दिसू लागते. त्यांतले बरेच कण म्हणजे समुद्रातल्या चिमुकल्या जीवांची कवचं आणि त्यांचे तुकडे. वाऱ्याने ते सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत साचवले, झिरपणाऱ्या पाण्यातल्या चुन्याने एकमेकांना चिकटवले आणि त्यांचा दगड झाला. पण चिकटताना मधल्या फटी पुरत्या बुजल्या नाहीत. पावसाळ्यात हा दगड पाणी पितो, ते या फटींतूनच.

त्याच कुळातला एक दगड मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर, अरबी समुद्राच्या तळाखाली तेराशे-चौदाशे मीटर खोल आहे. त्याच्या फटींत तेल आहे. १९६०च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने या समुद्राची भूकंपीय पाहणी झाली, तेव्हा तळाखाली एक प्रचंड उंचवटा असल्याचं कळलं. ‘सागर सम्राट’ या जहाजवजा फलाटावरून तिथे खोदाई झाली आणि १९ फेब्रुवारी १९७४ रोजी पहिल्याच विहिरीत तेल लागलं. २१ मे १९७६ पासून ते बाहेर येऊ लागलं. मुंबई हाय हे नाव तेव्हापासून घरोघरी माहीत झालं. ज्या चुनखडकाने ते तेल जपून ठेवलं होतं, त्याची ओळख मात्र भूवैज्ञानिकांपलीकडे फारशी कुणाला झाली नाही.

ती ओळख करून घ्यायला हवी. दगडात तेल किती आहे, हे त्यातल्या छिद्रांच्या एकूण जागेवर ठरतं. त्यातलं आपल्या हाती किती येईल, हे ती छिद्रं एकमेकांना कशी जोडली आहेत यावर ठरतं. आणि चुनखडकात या दोन गोष्टींचं नातं इतकं सैल असतं, की एकीवरून दुसरीचा अंदाज बांधणारा हमखास फसतो.

जागा आणि वाट

‘तेलविहीर’ म्हटलं की जमिनीखाली काळ्या तेलाचं तळं असेल, असं चित्र मनात उभं राहतं. तसं तळं नसतं. तेल असतं ते घट्ट दिसणाऱ्या दगडातल्या सूक्ष्म छिद्रांत. दगडाच्या एकूण आकारमानापैकी जितका भाग छिद्रांनी व्यापलेला असेल, ती त्याची सच्छिद्रता. एका घनमीटर दगडाची सच्छिद्रता २० टक्के असेल, तर त्यात २०० लिटर द्रव मावतो. आणि त्या द्रवाला दगड स्वतःमधून किती सहज जाऊ देतो, ती त्याची पार्यता.

पार्यता मोजण्याची रीत एका पाणीपुरवठा अभियंत्याने दिली. फ्रान्समधल्या दिजों शहराला पाणी आणून देणाऱ्या आंरी दार्सीने वाळूने भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून पाहिलं आणि १८५६ मध्ये त्याचा निष्कर्ष छापला. पाणी किती वेगाने जाईल, हे दोन टोकांमधल्या दाबाच्या फरकाच्या आणि नळाच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतं, वाळूच्या थराच्या लांबीच्या प्रमाणात घटतं. उरतो तो एक आकडा, त्या वाळूचा स्वतःचा गुण सांगणारा. आज खडकाची पार्यता दार्सीच्याच नावाने मोजतात. एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या आणि एक सेंटिमीटर लांबीच्या खडकातून, एका वातावरणाच्या दाबफरकाने, पाण्याइतका पातळ द्रव सेकंदाला एक घनसेंटिमीटर या वेगाने गेला, तर त्या खडकाची पार्यता एक दार्सी. बहुतेक तेलखडक याहून पुष्कळ कंजूष असतात, म्हणून व्यवहारात दार्सीचा हजारावा भाग, म्हणजे मिलिडार्सी वापरतात.

आता खरा पेच. दादर स्टेशनचे फलाट कितीही रुंद केले, तरी गाडीतून उतरलेली गर्दी किती लवकर बाहेर पडेल, हे पुलाच्या जिन्यावर ठरतं. दगडाचंही तसंच. छिद्र मोठं असून भागत नाही, एका छिद्रातून दुसऱ्यात जाणारा गळा किती रुंद आहे ते महत्त्वाचं. हा गळा थोडा जरी अरुंद झाला, तरी परिणाम भलताच मोठा होतो. प्वाझेई या फ्रेंच डॉक्टरने १८४०च्या सुमारास बारीक काचनळ्यांतून द्रव सोडून हे दाखवून दिलं. रक्त बारीक वाहिन्यांतून कसं वाहतं हे त्याला समजून घ्यायचं होतं. त्याला आढळलं, की प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. नळी निम्म्याने अरुंद झाली, तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो.

म्हणूनच सच्छिद्रता सारखी असलेल्या दोन चुनखडकांच्या पार्यतेत हजारपटींचा फरक सापडू शकतो. उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीतलं एकोफिस्क हे तेलक्षेत्र खडूच्या खडकात आहे. अतिसूक्ष्म शैवालांच्या चकत्यांपासून बनलेल्या या खडूची सच्छिद्रता ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जाते, पण त्याची मूळ पार्यता जेमतेम काही मिलिडार्सी. जागा भरपूर, गळे मात्र मायक्रॉनच्याही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही, आतले. उलट उदाहरण इराणमधल्या मस्जिदे सुलेमानचं. १९०८ मध्ये तिथे मध्यपूर्वेतलं पहिलं मोठं तेल लागलं. तिथल्या अस्मारी चुनखडकाचा मूळ गाभा घट्ट, पण पर्वत घडताना वाकून त्याला जागोजाग तडे गेलेले. तड्यांत जागा थोडी, वाट मात्र मोकळी. त्या वाटेने तेल जोरात वर आलं.

दगडाचं चरित्र

चुनखडक असा लहरी का, याचं उत्तर त्याच्या जन्मकथेत आहे. वालुकाश्म बनवणारी वाळू बाहेरून येते. नदी ती घासते, निवडते, वाहून आणते. तिचे कण साधारण सारख्या आकाराचे, क्वार्ट्‌झचे आणि पाण्यात सहजी न विरघळणारे. त्यामुळे मधली छिद्रंही साधारण सारखी राहतात आणि सच्छिद्रता वाढली की पार्यताही बहुधा वाढते.

चुनखडक जिथे असतो तिथेच, किंवा अगदी जवळपास, जन्माला आलेला असतो. उबदार, उथळ, स्वच्छ समुद्रात प्रवाळ, शिंपले, फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव, चुना साठवणारी शैवालं आपापली घरं बांधतात. आज हे काम बहामा बेटांभोवती, पर्शियाच्या आखातात, ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीवर चालू आहे. जीव मरतात, घरं उरतात. कवचाच्या आतली खोली हे एक छिद्र, दोन कवचांमधली फट हे दुसरं, चुन्याच्या गाळातल्या स्फटिकांमधली अतिसूक्ष्म जागा हे तिसरं. म्हणजे दगड होण्याआधीच तिथे तीन प्रकारची छिद्रं तयार असतात.

पुढची कथा पाण्याची आहे. चुना विरघळतो. समुद्राची पातळी खाली गेली, चुन्याचा तळ उघडा पडला आणि त्यावर पाऊस पडू लागला, की हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते पाणी सौम्य आम्ल बनतं आणि दगड खात आत शिरतं. काही शिंपल्यांचा चुना ॲरॅगोनाइट या खनिजरूपात असतो, तो लवकर विरघळतो. साच्यातली मूर्ती विरून जावी आणि साचा रिकामा उरावा, तसं शिंपल्याच्या आकाराचं छिद्र मागे राहतं. असे साचे शेकड्यांनी असले, तरी ते एकमेकांना भिडलेले नसतील, तर त्यांचा प्रवाहाला उपयोग नसतो. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी बुडबुड्यांची भोकं असलेला बेसाल्ट पाहिला असेल. भोकं पुष्कळ, पण प्रत्येक एकटं. त्या दगडातल्या विहिरीला पाणी लागतं ते बहुतेक भेगांच्या आणि झिजलेल्या थरांच्या कृपेने. चुनखडकातल्या सुट्या पोकळ्यांची गत तशीच.

विरघळलेला चुना कुठे तरी परत बसतो आणि तिथली छिद्रं बुजवतो. मॅग्नेशियमयुक्त पाणी आलं, तर चुनखडकाचा डोलोमाइट होतो. फ्रेंच भूवैज्ञानिक देओदा द दोलोम्यू याने १७९१ मध्ये या खडकाचं वर्णन केलं, त्याच्यावरून हे नाव पडलं. कॅल्साइटच्या निम्म्या कॅल्शियमची जागा मॅग्नेशियमने घेतली, तर घन भागाचं आकारमान हिशेबाने बारा-तेरा टक्क्यांनी घटतं आणि छिद्रांना तेवढी जागा मिळते. प्रत्यक्षात पाणी बाहेरून आणखी कार्बोनेट आणून ओतत राहिलं, तर हीच प्रक्रिया छिद्रं भरूनही टाकते. शेवटी जमिनीच्या हालचालींनी तडे जातात आणि आधीच्या सगळ्या जाळ्यातून नवे रस्ते काढतात.

या गुंत्यात शिस्त आणण्याचे मोठे प्रयत्न झाले. शेल कंपनीच्या गस आर्चीने १९५२ मध्ये चुनखडकांचं वर्गीकरण त्यांच्या छिद्रांच्या दृष्टीने मांडलं. रॉबर्ट डनमने १९६२ मध्ये खडकाला एक साधा प्रश्न विचारला: याचे कण एकमेकांवर टेकून उभे आहेत, की चुन्याच्या चिखलात तरंगताहेत? टेकून उभे असतील, तर मधे मोकळी जागा असण्याची आशा. १९७० मध्ये चोकेट आणि प्रे यांनी छिद्रांचीच जातवारी लावली: कोणतं छिद्र खडकाच्या मूळ विणीला धरून आहे आणि कोणतं त्या विणीला न जुमानता कापत गेलं आहे. पुढे जेरी लुसियाने पोकळ्यांचे दोन गट केले: एकमेकींना स्पर्श करणाऱ्या आणि सुट्या. यांतल्या बहुतेकांना अर्धशतकाहून जास्त काळ झाला, तरी ही वर्गीकरणं आजही रोजच्या वापरात आहेत. कारण ती चारही एकाच दिशेने बोट दाखवतात. छिद्र किती मोठं, हे विचारण्याआधी ते कसं जन्मलं हे विचारा.

छिद्र मोजायचं कसं

विहीर खोदताना पोकळ टोकाच्या विशेष यंत्राने खडकाचा अखंड दंडगोल कापून वर काढतात. त्याला कोअर म्हणतात. एका खेपेला साधारण ९ मीटर लांबीचा, मनगटाएवढा किंवा त्याहून जाड तुकडा मिळतो. प्रयोगशाळेत त्यातून अडीच ते चार सेंटिमीटर व्यासाचे छोटे दंडगोल कापतात. हे प्लग टोल्युइन, मिथेनॉल अशा द्रावकांच्या वाफेखाली दिवसच्या दिवस धुवून त्यातलं तेल आणि मिठं काढून टाकतात, वाळवतात आणि मग मोजणीला घेतात.

पहिली मोजणी हेलियमची. हा वायू इतका सूक्ष्म, की जिथे वाट आहे तिथे तो पोहोचतो. ठरावीक दाबाचा हेलियम प्लग ठेवलेल्या भांड्यात सोडला, की दाब किती उतरला यावरून बॉइलच्या नियमाने दगडाचा घन भाग किती आणि पोकळ किती, ते निघतं. दुसरी मोजणी पार्यतेची, प्लगमधून वायू किंवा द्रव ढकलून.

या दोन आकड्यांनी चुनखडकाचं पोट कळत नाही. ते डोळ्यांनी पाहावं लागतं. त्यासाठी दगडात निळ्या रंगाचं राळेसारखं रसायन भरतात, ते घट्ट झालं की दगडाची चकती काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासतात. एवढ्या पातळ चकतीतून प्रकाश आरपार जातो. सूक्ष्मदर्शकाखाली निळं दिसेल ते छिद्र. ॲलिझरिन रेड एस हा रंग लावला, की कॅल्साइट लालसर होतं, डोलोमाइट होत नाही. अशा एका चकतीत कवच, त्याच्या आतली खोली, विरघळून गेलेला शिंपला, नंतर वाढलेला स्फटिक, हे सगळं क्रमाने वाचता येतं. एवढी यंत्रं आली, तरी या चकतीची जागा कुणी घेतलेली नाही.

गळ्यांचं माप पाऱ्याने घेतात. पारा दगडाला ओलं करत नाही, आपणहून छिद्रात शिरत नाही. त्याला दाबून घालावं लागतं आणि गळा जितका अरुंद, तितका दाब जास्त. एका वातावरणाच्या दाबाने तो साधारण १५ मायक्रॉन रुंदीच्या गळ्यातून आत जातो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे हा गळा केसाच्या पाचव्या हिश्शाएवढा. हजार वातावरणांच्या दाबाला तो याच्याही हजारपट बारीक गळ्यातून घुसतो. कोणत्या दाबाला किती पारा आत गेला, याचा आलेख म्हणजे त्या दगडाच्या दारांची यादी. वालुकाश्माच्या आलेखात बहुधा एकच उंचवटा दिसतो, चुनखडकात दोन किंवा तीन. एका दगडात दोन-तीन दगड नांदत असल्याची ही खूण.

रुग्णालयातल्या एमआरआयमागचं चुंबकीय अनुनादाचं तत्त्वही इथे कामाला येतं. छिद्रातल्या पाण्याच्या किंवा तेलाच्या हायड्रोजन केंद्रकांना चुंबकीय क्षेत्रात हलवून सोडलं, की ती हळूहळू मूळ स्थितीला येतात. छिद्र लहान असेल, तर ती भिंतीवर वारंवार आदळतात आणि लवकर शांत होतात. मोठ्या पोकळीत त्यांना वेळ लागतो. हे उपकरण थेट विहिरीत सोडता येतं. हलू शकणारा आणि अडकून राहणारा द्रव वेगळा करण्यासाठी वालुकाश्मात ३३ मिलिसेकंदांची रेघ वापरायचा प्रघात आहे, चुनखडकात ती सुमारे १०० मिलिसेकंदांवर न्यावी लागते. तरी एक धोका उरतो. सूक्ष्म छिद्रातला रेणू मोजणी चालू असतानाच शेजारच्या मोठ्या छिद्रात जाऊन येतो आणि दोघांच्या खुणा मिसळून जातात.

गेल्या दोन-तीन दशकांत क्ष-किरणांच्या सूक्ष्म-सीटी तंत्राने दगड न फोडता त्याचं त्रिमितीय चित्र मिळू लागलं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या मार्टिन ब्लंट यांच्या गटाने अशा चित्रांतून छिद्रं आणि गळे यांचं जाळं काढून, त्यातून तेल आणि पाणी कसं सरकेल याचं गणित मांडण्याचं मोठं काम केलं. या विचाराचं मूळ आयर्विंग फॅट याच्या १९५६च्या लेखांत आहे. खडकाला सुट्या नळ्यांची मोळी समजण्याऐवजी जोडलेल्या नळ्यांचं जाळं समजा, असं त्याने सुचवलं होतं. अडचण आहे ती मापाची. एका चित्रात आडवे साधारण हजार-दोन हजार बिंदू मावतात. चार सेंटिमीटरच्या प्लगचं चित्र घेतलं, तर एक बिंदू २० ते ४० मायक्रॉनचा होतो आणि त्याहून बारीक सगळं धूसर. एक मायक्रॉन पाहायचं, तर तुकडा एक-दोन मिलिमीटरचाच घ्यावा लागतो. तेवढ्याशा तुकड्यात बोटभर रुंदीची पोकळी मावणार कशी?

चुनखडकाच्या अभ्यासातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. एकाच खडकात मायक्रॉनच्या दशांशाचं छिद्र आणि मुठीएवढी पोकळी शेजारी असू शकते, म्हणजे आकारात दहा लाखपटींची तफावत. कोणतंही एक यंत्र हे सगळं पाहू शकत नाही. म्हणून चकती, पारा, अनुनाद, सीटी, अखंड कोअर आणि प्रत्यक्ष विहिरीतून येणारा प्रवाह यांची सांगड घालावी लागते. ज्याने एकाच आकड्यावर विसंबून निर्णय घेतला, त्याला खडक पुढे चूक दाखवून देतोच.

अळवावरचं पाणी

छिद्रांची रचना कळली, तरी निम्मं काम उरतं. छिद्रात एकटं तेल नसतं. पाणी असतं, कधी वायूही असतो. या द्रवांपैकी दगडाच्या भिंतीला कोण चिकटतं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. समईची वात मात्र तेल ओढून घेते आणि ज्योतीपर्यंत चढवते. दगडाचं पोट अळवासारखंही असू शकतं आणि वातीसारखंही. स्वच्छ वालुकाश्माच्या भिंती बहुधा पाण्याला जवळ करतात. त्यात पाणी सोडलं, की ते भिंतींच्या कडेने शिरतं आणि तेलाला मधून पुढे रेटतं. चुनखडकाच्या भिंतीवर बहुधा धनभार असतो आणि कच्च्या तेलातले कार्बोक्झिलिक आम्लांचे ऋणभारित रेणू तिला जाऊन चिकटतात. लाखो वर्षांच्या सहवासाने भिंत तेलाळ होते. अशा दगडात पाणी ढकललं, तर ते रुंद वाटांच्या मधून निघून जातं आणि तेल भिंतींवर आणि बारीक छिद्रांत बसून राहतं.

एकोफिस्कच्या खडूत याच प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर मिळालं. सुरुवातीला तिथलं १७-१८ टक्के तेलच निघेल असा अंदाज होता. १९८७ पासून मोठ्या प्रमाणावर समुद्राचं पाणी आत सोडायला सुरुवात झाली आणि आज निम्म्याहून जास्त तेल निघण्याची अपेक्षा आहे. गरम खडूत समुद्राच्या पाण्यातला सल्फेट आयन भिंतीला जाऊन भिडतो, तिचा धनभार कमी करतो आणि तेलाच्या रेणूंची पकड सैल करतो, हे नॉर्वेतल्या स्टाव्हांगरच्या संशोधकांनी प्रयोगांनी दाखवलं. भिंत थोडी थोडी पाण्याला जवळ करू लागली आणि पाणी वातीतल्या तेलासारखं आपणहून छिद्रांत चढलं. त्याच खडकाने दुसरा धडाही दिला. तेल काढल्यामुळे आतला दाब उतरला, मऊ खडू दबला आणि समुद्राचा तळच खाली बसू लागला. १९८७ मध्येच तिथले फलाट सहा मीटरनी उचलून घ्यावे लागले. छिद्रातला द्रव दगडाला आतून आधारही देत असतो, हे तेव्हा सगळ्या जगाला दिसलं.

चुनखडकाचा विरघळण्याचा स्वभाव माणूस उपयोगातही आणतो. हर्मन फ्राश याने १८९६ मध्ये चुनखडकातल्या विहिरीत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडण्याचं पेटंट घेतलं. आम्ल दगडात शिरतं, तेव्हा ते सगळीकडे सारखं खात नाही. जो गळा किंचित रुंद असेल, तिथे जास्त आम्ल जातं, तो आणखी रुंद होतो आणि अळीने फळ पोखरावं तसा एक लांब बोगदा तयार होतो. आम्ल फार सावकाश सोडलं, तर ते तोंडाशीच दगड खाऊन संपतं. फार वेगाने सोडलं, तर असंख्य फाटे फुटून वाया जातं. मधल्या नेमक्या वेगाला कमीत कमी आम्लात सर्वांत लांब वाट पडते. तो वेग कोणता, हे त्या दगडाची छिद्रं आणि आतली उष्णता ठरवतात.

मुंबई हायने शिकवलेलं

मुंबई हायचा मुख्य तेलखडक एल-३ या नावाने ओळखला जातो. मायोसीन काळातला, दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीचा हा चुनखडक एकसंध नाही. चुनखडकाचे थर आणि त्यांच्यामध्ये शेल या घट्ट मातकट खडकाचे पातळ थर, अशी ती चळत आहे. समुद्र पुढे येत होता, मागे जात होता. पाणी उथळ झालं की जीवांची घरं साचत, तळ उघडा पडला की पाऊस त्यांना विरघळवत असे. त्यामुळे काही थर पोकळ्यांनी भरलेले, काही घट्ट. वर वायूचा थर, खाली पाणी, मधे तेल.

अशा चळतीत विहीर खोदली, की सगळे थर सारखं तेल देत नाहीत. सगळ्यात मोकळा थर आधी आणि जोरात देतो. आतला दाब टिकवण्यासाठी १९८०च्या दशकापासून तिथे समुद्राचं पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून आत सोडलं जातं. तेही मोकळ्या थराचीच वाट धरतं आणि शेजारच्या घट्ट थरातलं तेल मागे टाकून विहिरीपर्यंत येऊन पोहोचतं. हे एकट्या मुंबई हायचं दुखणं नाही. सौदी अरेबियातल्या घवार या जगातल्या सर्वांत मोठ्या पारंपरिक तेलक्षेत्राच्या चुनखडकातही काही पातळ पट्टे इतके मोकळे आहेत, की एका फुटाच्या जाडीतून दिवसाला ५०० पिंपांहून जास्त प्रवाह येतो. तिथले अभियंते त्यांना ‘सुपर-के’ म्हणतात आणि त्यांना घाबरून असतात, कारण पाण्याचीही पहिली धाव तिथूनच असते.

१९८०च्या दशकाच्या अखेरीला मुंबई हायमधून दिवसाला चार लाखांहून जास्त पिंपं तेल निघत होतं. पुढे ते उतरत गेलं. २००० नंतरच्या पुनर्विकासात आडव्या विहिरींवर भर दिला गेला. थरात आडवी शिरलेली विहीर शेकडो मीटर त्याच थरातून जाते, म्हणून ज्या थरातलं तेल मागे राहिलं तो नेमका गाठता येतो. पण तो थर कुठे आणि त्याची छिद्रं कशी, हे आधी माहीत असावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हाय चालवणाऱ्या ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने या क्षेत्राचं उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सहकार्यासाठी निवड केली. शोधानंतर अर्धशतक उलटल्यावरही या दगडाचा अभ्यास संपलेला नाही, हाच त्याचा अर्थ.

जगभरात सरासरीने तेलक्षेत्रातलं जेमतेम एक तृतीयांश तेल बाहेर येतं, बाकीचं दगडातच राहतं. आणि एका प्रचलित अंदाजानुसार जगातल्या तेलसाठ्यांपैकी निम्म्याहून जास्त तेल चुनखडक आणि डोलोमाइट यांत आहे. ज्या खडकात १०० कोटी पिंपं तेल आहे, त्यातून एक टक्का जास्त काढता आलं, तर १ कोटी पिंपं मिळतात, तीही नवा समुद्र न धुंडाळता, असलेल्याच फलाटांवरून. आपल्या गरजेचं बहुतेक तेल बाहेरून विकत आणणाऱ्या देशाला या एका टक्क्याची किंमत वेगळी सांगायला नको.

तेलाचे दिवस सरले, तरी हे ज्ञान वाया जाणार नाही. पॅरिसच्या आसपास दीड-दोन हजार मीटर खोलीवर डॉगर नावाचा चुनखडक आहे. त्याच्या छिद्रांतलं गरम पाणी वर आणून १९६९ पासून तिथली घरं उबदार ठेवली जातात. कोट्यवधी माणसं चुनखडकातून झिरपलेलं पाणी पितात. कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड जमिनीत गाडायचा म्हटला, तरी तो ज्या खडकात जाईल, त्याची छिद्रं आणि गळे आधी मोजावे लागतील. कारण पाण्यात मिसळला की तो आम्ल होतो आणि चुना खातो.

भूविज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढंच सांगावंसं वाटतं: संगणकावरचं रंगीत प्रारूप उघडण्याआधी एक पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि दगडाचं चरित्र वाचायला शिका. आणि ज्यांना प्रयोगशाळा गाठता येणार नाही, त्यांनी पुढच्या वेळी फोर्टमध्ये जाताना खिशात एक भिंग ठेवावं. पोरबंदरच्या दगडातली कवचं आणि त्यांच्यामधल्या बारीक काळोख्या फटी नीट पाहाव्यात. तशाच फटींमध्ये, समुद्राखाली तेराशे मीटरवर, मुंबई हायचं बरंच तेल अजून पडून आहे.